घरगुती जेवण मिळेल

ज्या घरात खरोखर घरगुती जेवण मिळते त्या घरावर तशी पाटी कधीच नसते. ‘येथे आई राहते’ अशी पाटी लावण्याची गरज जशी कोणाला वाटत नाही, तशीच हीही. त्यामुळे मुंबईच्या एखाद्या रस्त्याने जाताना ‘घरगुती जेवण मिळेल’ ही अक्षरे दिसली की मला आधी थोडे हसू येते, आणि लगोलग त्या हसण्याची लाजही वाटते. कारण आयुष्यातील दोन वर्षे मी अशाच एका पाटीखाली जेवलो आहे.

१९९१ साली मी एम. ए. करण्यासाठी मुखेडहून मुंबईस आलो. एस. टी. ने नांदेड गाठायचे आणि तेथून आगगाडीने मनमाडवरून मुंबई, असा तो प्रवास. माझ्या वडिलांच्या पिढीला मोठे शहर म्हणजे हैदराबाद. मुखेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, तेव्हा शिकावयाचे असो की कज्जा लढवावयाचा असो, पाऊल तिकडेच वळे. मुंबईची वाट धरणारा आमच्या घरातला मी पहिलाच, आणि त्यामुळे तेथे जेवायचे कोठे याचा सल्ला देणारे कोणी नव्हते. लालबागेस एका मित्राच्या खोलीत पथारी मिळाली. त्याच चाळीत तळमजल्यावर, दहा-बारा माणसांनी मांडीला मांडी लावून बसावे एवढ्याशा खोलीत, एक मालवणी खानावळ होती. बाई स्वयंपाक करीत, यजमान वाढीत, आणि त्यांची शाळकरी मुलगी एका हाताने पाणी देत दुसऱ्या हातातील भूगोलाचे पुस्तक पाठ करीत असे. बाईंना सारे ‘काकी’ म्हणत.

पहिल्या दिवशी पानावर बसलो आणि माझी फजिती झाली. आमच्या घरी मांसमत्स्य वर्ज्य. आणि येथे तर दारातच बांगड्याचा वास स्वागताला उभा! शिवाय प्रत्येक पदार्थात नारळ. आमच्या मुखेडात नारळ ही खाण्यापेक्षा वाहण्याची वस्तू. तो देवापुढे फुटतो, सत्काराच्या ताटात शालीशेजारी बसतो, आणि एखाद्याला कामावरून काढले म्हणजे त्याच्या हातावर ठेवला जातो. करडईच्या तेलावर आणि शेंगदाण्याच्या कुटावर पोसलेल्या माणसाला तो आमटीत भेटावा, भाजीत भेटावा, आणि शेवटी कोकमाचा गुलाबी रंग लावून सोलकढी म्हणून पुन्हा वाटीत भेटावा, हे जरा अतीच वाटले. मी कोरडा भात चिवडीत बसलो. काकींनी आतून पाहिले असावे. दुसऱ्या दिवशी माझ्या पानात काळ्या वाटाण्याची आमटी आली. भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे वाटण, वरून कोकमाचा आंबटपणा, आणि रंग असा काळाभोर की प्रथम पाहणाऱ्याने दचकावे. पुढे कळले की माझ्यासाठी त्यांनी एक निराळे पातेले आणि निराळी पळी काढून ठेवली होती. मी सांगितले नव्हते. त्यांनी विचारले नव्हते. आणि महिन्याच्या हिशोबात त्या पातेल्याचा एक पैसाही कधी दिसला नाही.

हिशोबाची ती वही मी एकदा चाळली. अक्षर मुलीचे, पण मागची जुनी पाने यजमानांच्या हातची होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे घरी बसली, आणि हा संप शेवटपर्यंत रीतसर मागे घेतला गेला नाही. यजमान स्वतः त्या अडीच लाखांपैकी एक. कोकणातून एकटे आलेले हे कामगार बायकामुले गावी ठेवून गाळ्यांत राहत आणि अशा खानावळींत महिन्याच्या बोलीवर जेवत. पगार थांबला म्हणून भूक थांबली नाही. परळ-लालबागच्या कित्येक बायांनी त्या काळात माणसे उधारीवर जेवू घातली. अशा बायांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते व बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचविले होते. पण कर्ज मिळाले तरी ते फेडायचे असते, आणि ज्यांना जेवू घातले त्यांतले अनेक जण गावी निघून गेले ते परतलेच नाहीत. वहीतली त्यांची पाने तशीच उघडी होती. मी अर्थशास्त्राचा मोठा जाणता असल्याच्या थाटात विचारले, “काकी, ही बुडीत खाती अजून काटली कशी नाहीत?” भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, “येतले कधीतरी. नाय इले तरी जेवले मां?”

पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा माझ्या तोंडी काळ्या वाटाण्याची आमटी सारखी येत असावी. आईने दोन-तीन दिवस ऐकून घेतले. मग एका दुपारी तिने मोठ्या बारकाईने विचारले, “त्यात काय काय घालतात रे?” मी सांगितले. आमच्या बाजारात काळे वाटाणे नव्हते, तिने मटकी घेतली. कोकम नव्हते, चिंच घातली. आणि देवळातून प्रसादाचा आलेला अर्धा नारळ वाटला. संध्याकाळी माझ्यापुढे वाटी आली. मी दोन घास घेतले आणि म्हणालो, “चांगली आहे, पण तशी नाही झाली.” आई काही बोलली नाही. तिने मला नेहमीचे पिठले वाढले. रात्री उशिरा पाणी प्यायला उठलो तेव्हा चुलीपाशी बसून ती आमटी ती एकटीच भाकरीबरोबर खात होती. कवितेतील भावनांचे सूक्ष्म पृथक्करण मी त्या वर्षी परीक्षेत पानेच्या पाने भरून केले होते आणि त्याला उत्तम गुणही मिळाले होते. त्या रात्री मात्र मी पाणी न पिताच परत येऊन निजलो.

लालबागेस परतल्यावर हे काकींना सांगितले. वाटले होते, आपल्या हाताची तारीफ ऐकून खूश होतील. त्या रागावल्या. “आवशीक असा सांगतत काय रे झिला?” एवढेच बोलल्या, आणि दिवाळीत मी निघालो तेव्हा माझ्या पिशवीत काळ्या वाटाण्यांची पुरचुंडी, कोकमे आणि घरचा मालवणी मसाला त्यांनी स्वतः भरला. आईने ते सामान हाती घेऊन बराच वेळ हुंगले. परतताना माझ्या पिशवीत येसर आला. धान्ये, डाळी व मसाले भाजून दळलेले हे पीठ आमच्याकडे लग्नाकार्याच्या आमटीचा प्राण होय. पुढच्या सुट्टीपासून हा शिरस्ताच पडला. आई आणि काकी एकमेकींना जन्मात कधी भेटल्या नाहीत. पण मी मधला हमाल असल्यामुळे त्यांचा व्यवहार चोख चालला होता.

एक गोष्ट मी आईपासून लपविली. काकींनी तो येसर बांगड्याच्या आमटीत घातला होता, आणि गिऱ्हाइकांनी बोटे चाटून खाल्ली होती. “आवडला का त्या बाईंना येसर?” असे आई दर वेळी विचारी, आणि “फार आवडला,” असे मी दर वेळी सांगे. त्यात खोटे काहीच नव्हते.

आज ती खानावळ नाही. यजमान-काकी गावी गेले आणि चाळीच्या जागी आता काचेची उंच इमारत उभी आहे. मी मुंबईस गेलो की मालवणी पाटीच्या एखाद्या उपाहारगृहात जातो, मागवतो, पैसे देतो. जेवण चांगले असते. पण तेथे माझ्यासाठी निराळे पातेले कोणी ठेवीत नाही, आणि ठेवावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नाही.

आईही आता नाही. मुखेडच्या आमच्या घरी मात्र महिन्यातून एकदा काळ्या वाटाण्याची आमटी होते. ती आईच्या पद्धतीने: दाटपणाला येसर, आंबटाला कोकम, फोडणीला करडईचे तेल आणि सोबत ज्वारीची भाकरी. शेवटी शेवटी आई ती अशीच करीत असे. नवा पाहुणा पहिल्या घासाला थबकतो आणि विचारतो, “हा पदार्थ कुठला?” मालवणचा म्हणावा तर मालवणचा माणूस तो ओळखणार नाही, आणि मराठवाड्यातला म्हणावा तर शेजारीही कबूल होणार नाहीत. मी म्हणतो, “आमच्या घरचा,” आणि त्यांना आणखी थोडी वाढतो.