बाबांची बारा बोर आणि नसलेला सातबारा

अर्ज गेले दहा-बारा दिवस टेबलावर पडून आहे. सगळे रकाने भरून झाले, एकच राहिलाय. शस्त्र कशासाठी हवे? बाबांच्या जुन्या परवान्यावर त्या जागी दोनच शब्द आहेत : पीक संरक्षण.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांची दुनळी बारा बोर नियमाप्रमाणे जमा केलीय. आता वारस म्हणून ती माझ्या नावावर करून घ्यायची की विकून मोकळं व्हायचं, हे मला ठरवायचंय. आणि पीक म्हणाल तर आमच्याकडे बाल्कनीत एक कढीपत्ता आहे, तोही कुंडीत.

ठाणे-बेलापूर पट्टीत आमची भातशेती होती. १९७० साली सिडको आली आणि पाठोपाठ संपादनाच्या नोटिसा. माझ्या आठवणीतलं शेत म्हणजे बांध, एक आंब्याचं झाड आणि त्याला बांधलेला माळा. आज तिथे सेक्टर आहे. नंबर सांगत नाही, सगळे सारखेच दिसतात.

आता मूळ विषय. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण पारसिक हिलवर चालायला जातो. सगळे पन्नाशी-साठीतले. खाली उतरून चहा झाला की गप्पा हटकून बंदुकांवर येतात. चहा कटिंग आणि गप्पा मॅग्नम! थ्री सेव्हंटी फाइव्ह भारी की थर्टी-ओ-सिक्स? जुन्या कायनॉकच्या काडतुसांची सर आताच्या मालाला आहे का? जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी रिग्बी रायफल भेट मिळाली, तिचा बोर किती? (पॉइंट टू सेव्हंटी फाइव्ह. हे न सांगता आलं तर चहाचे पैसे तुम्ही द्यायचे.) यातल्या एकानेही आयुष्यात एअरगनपलीकडे काही चालवलेलं नाही, पण आठवणी अशा काढतात की जणू कालच कान्ह्याच्या मचाणावरून उतरलेत.

चेष्टा करतोय, पण खोटं कशाला बोलू, मलाही मजा येते. एकेका काडतुसामागे इतिहास असतो. ब्रिटिशांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात फोर-फिफ्टी बोअरच्या रायफलींवर बंदी आणली, कारण बंडखोरांच्या हाती त्याची काडतुसं लागतील ही भीती. मग विलायतेतल्या कारखानदारांनी काय केलं? बोर किंचित बदलला, फोर-सेव्हंटी काढली आणि राजेमहाराजांना तीच विकली. आपल्याकडची थ्री-फिफ्टीन अशीच. थ्री-नॉट-थ्री लष्कराची, म्हणून सामान्य माणसाला मनाई. मग लष्कराच्या बंदुकीत न बसणारं काडतूस हवं म्हणून थ्री-फिफ्टीन रुजली, आणि आजही उत्तरेत लग्नाच्या वरातीपासून बँकेच्या दारापर्यंत तीच दिसते. आपण ज्याला आवड म्हणतो ती बऱ्याचदा कुठल्यातरी सरकारी मनाईतून आलेली असते.

पुढे ऐंशीच्या दशकात परदेशी बंदुकांची आयातच सामान्य परवानाधारकाला बंद झाली. तेव्हापासून आपल्याकडच्या हौशी माणसाचं घड्याळ थांबलंय. जगात नवनवीन काडतुसं आली-गेली, आपण अजून आजोबांच्या वेब्लीवर आणि हॉलंडवर बोलतोय. मिळत नाही म्हणून गोड लागतं.

एका रविवारी मी बाबांच्या बंदुकीचं काढलं. एक मित्र एकदम पुढे सरसावला. "इंग्लिश आहे?"

म्हटलं, नाही रे, देशी आहे. १९६८ साली भात विकून घेतलेली.

"अच्छा," म्हणाला, आणि परत रिग्बीवर गेला.

तो 'अच्छा' मला लागला. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. शिकारीच्या या सगळ्या आठवणी आपण कुणाच्या काढतोय? त्यात संस्थानिक आहेत, साहेब आहेत, कॉर्बेट आहे. माझा आजा त्यात कुठेच नाही.

आज्याकडे ठासणीची बंदूक होती. पुढून दारू भरायची, गजाने ठासायची, वर चिंध्या, मग शिसं, परत चिंध्या, आणि मागे टिकली. एक बार भरायला एवढा वेळ की तोवर डुक्कर शेजारच्या वावरात. म्हणून आजा म्हणायचा, "बार फुकट नाय घालवाचा. पयले हाक मारायची, मंग डबा वाजवायचा, मंग बंदूक." आवाज हेच त्याचं खरं हत्यार. रात्री माळ्यावर बसून एक बार आकाशात काढला की पुढचे दोन दिवस शेत शांत. वर्षातून एखादं डुक्कर पडायचं तेव्हा वाटे घरोघरी जायचे, आणि ज्याने रान उठवलं त्याचा वाटा बंदूकवाल्याएवढाच.

बाबांची बारा बोर आली तेव्हा आज्याला तिची गंमत वाटली होती म्हणे. बारा बोर म्हणजे काय, हे बाबांनी मला वजनकाट्यावर समजावलं होतं : एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोर. काडतुसं तेव्हा कागदी पुठ्ठ्याची. पावसाळ्यात आपल्याकडची हवा कशी असते माहितीये, पुठ्ठा फुगायचा आणि काडतूस नळीत अडकायचं. म्हणून आई ती तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायची. एल.जी. डुकरासाठी, चार नंबर बारीक छर्ऱ्याचं. पुढे खडकीच्या कारखान्याची शक्तिमान आली, प्लास्टिकची, ती फुगायची नाही. तोवर राखायला शेतच उरलं नव्हतं.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण यावर आमच्या कट्ट्यावर रोज चुकीचं ऐकतो. शिकार १९७२ साली एका फटक्यात बंद झाली असं सगळे म्हणतात. तसं नाही. वाघाची शिकार १९७० लाच थांबवली होती. १९७२ च्या कायद्यात मात्र काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने होते. ते रद्द झाले १९९१ च्या दुरुस्तीने. ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. कट्ट्यावरचे म्हणतात, शिकाऱ्यांनीच जंगल राखलं. थोडं खरं आहे. मुरूडच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, तेच १९८६ साली फणसाड अभयारण्य झालं. पण राखलं म्हणजे स्वतःसाठी राखलं, आज्यासारख्यांना तिथे कोण येऊ देत होतं?

बंदुकीची दुसरी आठवण आमच्या घरात कुणी काढत नाही. जानेवारी १९८४. उरणचं आंदोलन, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, १६ आणि १७ तारखेचा गोळीबार, पाच हुतात्मे. मी तेव्हा अठरा वर्षांचा. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के आले, ज्यावर आज आमच्यासारख्यांच्या इमारती उभ्या आहेत. बाबा तिकडून परत आले ते दोन दिवस बोलले नाहीत. बंदूक कपाटात होती. दर दिवाळीत तिला तेल लावायचे, त्या वर्षी लावलं नाही. नंतर शिकारीच्या गोष्टी सांगणंही त्यांनी बंद केलं. मी कधी कारण विचारलं नाही.

परवाना मात्र चालू राहिला. दर वेळी नूतनीकरण, दर वेळी तेच दोन शब्द, आणि कुणीही विचारलं नाही की पीक कुठे आहे.

पीक जिथे आहे तिथली गोष्ट वेगळी. माझं आजोळ पनवेलच्या पलीकडे, नेरे-माळडुंगे बाजूला, माथेरानच्या डोंगराखाली. मामेभाऊ अजून भात लावतो. वरकस जमिनीवर नाचणी-वरी करायचा, ती डुकरांपायी सोडली. त्याच्याकडे आजही ठासणीच आहे, रीतसर परवान्याची. २०२४ मध्ये १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि त्याला निरोप आला, बंदूक ठाण्यात जमा करा. ऑक्टोबर-नोव्हेंबर! भात कापणीला आलेलं. उच्च न्यायालयाने सांगितलंय की सरसकट जमा करून घेऊ नका, छाननी समितीने एकेक परवाना बघून ठरवावं. मी त्याला तसा अर्ज लिहून दिला. तो हसला. म्हणाला, "दादा, अर्जाचं उत्तर येईपर्यंत डुकरं जेवून हात धुतील."

त्याने माळ्यावर बसून डबे वाजवले. तरी कोपऱ्यातला तुकडा गेलाच.

कायद्यात पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी मिळण्याची तरतूद आहे, कलम ११. कागदावर ठीक. पण अर्ज, पंचनामा, परवानगी या सगळ्यात दिवस जातात आणि डुक्कर रात्रीत येतं. मग लोक काय करतात? तारेत करंट सोडतात, फासकी लावतात. फासकीला कळत नाही डुक्कर कुठलं नि बिबट्या कुठला. कोकणात फासकीत अडकलेल्या बिबट्याची बातमी आपण किती वेळा वाचतो! करंटच्या तारेला तर शेतकरी स्वतःच चिकटतो. परवान्याच्या बंदुकीचा निदान हिशेब असतो : कुणाची, किती काडतुसं, कधी उडवली.

माझं म्हणणं एवढंच आहे की शिकार परत आणू नका, पण शेतकऱ्याच्या पीक-संरक्षण परवान्याकडे शहरातल्या कमरेच्या पिस्तुलाच्या नजरेने बघू नका. इथे बिल्डरला आणि नगरसेवकाला जीविताच्या धोक्यावर परवाना मिळतो. डोंगराखालच्या माणसाला ठासणीचा परवाना वडिलांकडून नावावर करायला तालुका आणि जिल्हा यांच्यात चपला झिजवाव्या लागतात. आणि कट्ट्यावर आपण मॅग्नमवर बोलत बसतो.

मामेभावाला काल फोन केला. विचारलं, बाबांची बारा बोर तुझ्या परवान्यावर चढवशील का? २०१९ पासून एका माणसाला दोन शस्त्रं ठेवता येतात, तुझ्याकडे एक आहे.

थोडा वेळ तो गप्प. मग म्हणाला, "काडतूस केवढ्याला पडतं आता?"

सांगितलं.

"बापरे! मग ठासणीच बरी," म्हणाला. मग परत, "पण आत्याच्या घरची हाय. आन. बघू."

सोमवारी विचारून येतो, त्यासाठी कोणता अर्ज लागतो ते. टेबलावरचा आता फाडला तरी चालेल. तुमच्यापैकी कुणी अलीकडे असं हस्तांतरण केलं असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, किती फेऱ्या झाल्या तेही लिहा. आणि कुणाच्या घरी आज्याची ठासणी अजून असेल तर तिच्याबद्दल लिहा. रिग्बीबद्दल नको, ते रविवारी ऐकतोच.