मंगळावर पूर्व कुठली?

धंतोली, नागपूर

चि. बंड्या,


तुझ्या चिमीने ‘मंगळावर पूर्व कुठे असते?’ असं विचारलं आणि तू ‘तिथे दिशाबिशा काही नसतात, जेव गुमान’ म्हणालास, हे सूनबाईकडून कळलं. तेव्हापासून आत्याला चैन नाही. एवढीशी पोट्टी आणि प्रश्न केवढा! गच्चीवर काठी रोवून सावली मोजणारा तूच का तो?

असतात रे, मंगळावर दिशा असतात. जो गोळा स्वतःभोवती फिरतो, त्याला अक्ष असतो. अक्षाला दोन टोकं असली की उत्तर-दक्षिण आलीच. मंगळ पृथ्वीसारखाच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो, म्हणून तिथेही सूर्य पूर्वेलाच उगवतो. चालत नाही ते होकायंत्र. सबंध ग्रहाला पुरेल असं चुंबकत्व मंगळाकडे उरलेलं नाही. जुन्या खडकांत ते तुकड्यातुकड्यांनी अडकून पडलंय. सुई एका टापूत एकीकडे वळेल, दुसऱ्यात भलतीकडे. म्हणून काय पूर्व नाहीशी झाली? दिशा सुई देत नाही, परिवलन देतं. किती वर्षं आत्या हेच ओरडतेय!

पण तुझा सगळा भरवसा सुईवर. फ्लॅट घेताना मोबाइल फिरवत ओट्याची दिशा बघत होतास. भिंतीत सळया, बाजूला फ्रीज. अरे, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली. तिथली इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. आणि तू मोबाइलच्या भरवशावर ओटा तोडायला निघालास!

शुक्राचं तिला जरूर सांग, हसेल. ग्रहाचा उत्तर ध्रुव कोणता, हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ठरवून दिलंय: सूर्यमालेच्या प्रतलाच्या ज्या बाजूला पृथ्वीचा उत्तर ध्रुव, त्याच बाजूचा. शुक्र फिरतो उलटा, म्हणून तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. युरेनस तर ९८ अंश कलून चक्क आडवा झालाय. त्याच्या ध्रुवावर सुमारे ४२ वर्षं दिवस आणि तेवढीच रात्र.

पूर्व-पश्चिम मोजायची तर शून्य कुठे, हे आधी ठरवावं लागतं. नागपूरच्या झिरो माईलच्या खांबाजवळ चिमीने विचारलं होतं, ‘हाच मधला कशावरून?’ तू तेव्हाही फोनवर होतास. मंगळावर शून्य रेखावृत्ताचा मान मिळाला एअरी-० नावाच्या, जेमतेम अर्धा किलोमीटर रुंदीच्या विवराला. ज्या जॉर्ज एअरींच्या दुर्बिणीवरून ग्रीनिचचं शून्य ठरलं, त्यांचंच हे नाव. चंद्रावर तर १९६१ पर्यंत पूर्व-पश्चिम आपल्या आकाशावरून सांगत; माणूस तिथे उतरायचा म्हणून अदलाबदल केली. चंद्रयान-३ उतरलं ते या नव्या हिशेबाने दक्षिण ६९, पूर्व ३२ अंशांच्या आसपास.

ग्रहांपासून दूर, मोकळ्या अंतराळात मात्र तुझं निम्मं खरं. पायाखाली फिरणारा गोळाच नाही, तर पूर्व कुठली? तिथे यान सूर्य आणि एखादा ठळक तारा धरून आपलं तोंड सांभाळतं. १९६४ मध्ये मंगळाकडे निघालेल्या मरिनर-४ ने अगस्त्य धरला होता, पुढे व्हॉयेजरनेही. आपलाच अगस्त्य! हिवाळ्यात नागपूरहून दक्षिणेला दिसतो, क्षितिजापासून फार तर सोळा अंश वर.

चिमीला दिसणार कुठून? तुमच्या बाल्कनीतून समोरच्या टॉवरची बाथरूमं दिसतात. पण आत्याचा जीव त्यासाठी टांगणीला नाही. तूही असाच विचारत असायचास, दहावीनंतर एकाएकी थांबलास. कुणी गप्प केलं, ते तू कधी सांगितलं नाहीस. पोरीचं तसं होऊ नये, एवढंच.

जानेवारीत तिला इकडे पाठव. आत्या उमरेडकडे शेतावर नेऊन अगस्त्य दाखवील. स्वेटर दे बरोबर, मागल्या वेळी खोकत परत गेली होती. रिझर्वेशन आत्ताच कर, तत्काळच्या भानगडीत पडू नकोस. आणि पूर्वेचं उत्तर जानेवारीपर्यंत लांबवू नकोस, आज रात्री जेवतानाच दे.

तुझी,
आत्या