उंबरठ्यावरचा तास

मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. पालीजवळची जिल्हा परिषदेची शाळा. चार इयत्ता, दोन शिक्षक, आणि खिडकीतून दिसणारा सरसगडाचा कातळ. पावसाळ्याच्या आरंभी गुरुजींनी पालकांना सांगितले, ज्यांना जमेल त्यांनी शनिवारी तासभर वर्गात यावे, मुलांशी बोलावे, त्यांच्याबरोबर वाचावे. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. त्यामुळे गोष्ट सांगण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले आणि, खोटे कशाला बोलू, ते मला माझ्या हक्काचेही वाटले.

पहिल्या दोन शनिवारी पुढच्या रांगा रंगल्या. मागे बसलेली कातकरवाडीतली चार-पाच मुले मात्र खिडकीबाहेर पाहत राहिली. मी प्रश्न विचारला, उत्तर नाही. तोच प्रश्न सावकाश, मोठ्याने विचारला, तरी नाही. "ती बोलत नाहीत," शेजारची मुलगी म्हणाली. मी ते मान्य करून टाकले.

तिसऱ्या शनिवारी पाऊस कोसळत होता. मुलाला सोडायला आलेली वाडीतली एक आई पायरीवर थांबली होती. गुरुजींनी तिला आत बोलावले. ती उंबरठ्यावरच टेकली. "ताई, मुठे कसे धरता ते सांगा पोरांना," गुरुजी म्हणाले. ती आधी लाजली, मग सांगू लागली. तिची अर्धी बोली मला कळत नव्हती. मुठा आत आहे हे बिळाच्या तोंडावरून कसे ओळखायचे, नांगी बोटाला लागू न देता हात कसा सरकवायचा, हे ती हातांनी दाखवत होती. मध्येच तिच्या मुलाने तिला अडवले. ती काहीतरी चुकीचे सांगत होती म्हणे! तो उठून पुढे आला आणि बोटावरचा वण दाखवू लागला. मग मागची सगळी रांग एकदम बोलू लागली. पुस्तक मिटून मी बसून राहिले. त्या तासाला वर्गात न समजणारी एकटी मीच होते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. वंचित घटकांतील मुलांच्या पालकांनाही प्रमाणात स्थान दिले. २०२२ मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी गावोगाव मातांचे गट झाले. आई ही शाळेची पाहुणी नव्हे, हा विचार आता कागदावर तरी रुजला आहे. पण कागदाला दिवाळीनंतरचे महिने ठाऊक नसतात.

दिवाळी सरली आणि वाडीतली बरीच घरे वीटभट्ट्यांवर गेली. ती आई गेली, मुलगाही गेला. समितीत तिचे नाव होते; पुढच्या बैठकीत त्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले गेले. तो शब्द खोटा नव्हता, तरी मला तो लागला. माझ्या शनिवारच्या तासाने माझा पगार कापला जात नाही, म्हणून मी स्वयंसेवक. तिला भर पावसात मिळालेला तो एक तास तिच्या रोजंदारीच्या हिशेबात बसला, तो केवळ पाऊस थांबेना म्हणून.

जूनमध्ये माणसे परतली. पावसाळ्यातली एक बैठक संध्याकाळी वाडीवरच घ्यावी, असे मी सुचवले. "ती लोकं येतील का?" कोणीतरी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी परतताना, अंबा नदीच्या पुलावर, लक्षात आले की प्रश्नच उलटा होता. जायचे आपल्याला होते. त्यांच्या उंबरठ्यावर, ओल्या चपलांनी, ऐकायला.