दारातला उजेड

सोलापुरातील एका कापड दुकानाच्या मालकांनी चाळीस वर्षे एक नियम पाळला. गिऱ्हाईकाने साडी पसंत केली, तरी ती बांधून देण्यापूर्वी ते दुकानाच्या दारापाशी येत आणि पदर दिवसाच्या उजेडात उलगडून दाखवीत. ट्यूबलाइटखाली जांभळा भासलेला रंग घरी गेल्यावर वांगी निघाला, तर गिऱ्हाईक एकदा तक्रार घेऊन येते आणि पुन्हा कधीच येत नाही, असे त्यांचे म्हणणे असे.

आज त्याच मालकांचे छायाचित्र त्यांच्या घराच्या दिवाणखान्यात लावलेले आहे. एका लग्नात, रात्रीच्या वेळी कार्यालयात काढलेल्या घोळक्याच्या फोटोतून ते कापून मोठे केलेले आहे. एक गाल हिरवट, दुसरा हळदीसारखा पिवळा, आणि डोक्यावरच्या दिव्यामुळे डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी. ते गेले तेव्हा घरात दुसरा एकट्याचा फोटो सापडला नाही. ज्या गृहस्थांनी कधी कोणाला दिव्याखालचा रंग विकला नाही, त्यांचाच चेहरा पुढच्या पिढीला दिव्याखालच्या रंगाने ओळखावा लागतो आहे.

म्हणून त्यांच्या नातीने ठरविले की आजीचा एक तरी खरा फोटो असावा. आजींचे वय 81. त्यांनी हेतू लगेच ओळखला. ‘‘भिंतीवर लावायची घाई झाली का गं?’’ असे त्यांनी हसत विचारले, पण नात गप्प झाली. वृद्ध माणसाचा एकट्याचा फोटो काढणे आपल्याकडे थोडे अशुभ मानतात. त्या संकोचापायीच कित्येक घरांत वेळ निघून जाते आणि मग घोळक्यातून चेहरा कापण्याची पाळी येते.

पहिला प्रयत्न फसला. रात्री दिवाणखान्यातील सगळे दिवे लावून, शिवाय मोबाइलचा फ्लॅश टाकून नातीने दहा-बारा फोटो काढले. चेहरा पिठासारखा पांढरा, मागे भिंतीवर काळी सावली, चष्म्यात फ्लॅशचा ठिपका. नवशिक्याचा समज बहुधा असाच असतो: उजेड कमी पडला, तर आणखी दिवे लावावेत. प्रत्यक्षात दिव्यांची संख्या वाढली की गोंधळ वाढतो, कारण प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा असतो. हा रंग केल्विन या मापात मोजतात. मेणबत्ती सुमारे 1900, जुना तारेचा बल्ब सुमारे 2700, दुपारचे ऊन सुमारे 5500 आणि आपल्या घरांतील पांढरी ट्यूब बहुधा 6500. आकडा जितका लहान, तितका उजेड पिवळा. माणसाचा डोळा मोठा मनमिळाऊ आहे. बल्बखालचा सदराही तो पांढराच मानतो. कॅमेऱ्यालाही एका रंगाच्या उजेडाशी जुळवून घेता येते. मात्र एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचे उजेड पडले, तर तो एका गालाला न्याय देऊन दुसऱ्यावर अन्याय करतो. आजोबांच्या फोटोत हेच घडले होते. त्यातच जुन्या ट्यूबच्या प्रकाशात हिरव्याचा अंश अधिक आणि लाल कमी. त्वचेचा जिवंतपणा तर लाल छटेतच असतो.

फ्लॅशचा दोष निराळा. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे हरभऱ्याएवढा दिवा. उगम जितका लहान, तितकी सावलीची कड धारदार. उगम मोठा आणि जवळ असला की सावली मऊ होते, सुरकुत्या ओरखड्यांसारख्या न दिसता चेहऱ्याच्या वळणात मिसळतात. घरात असा मोठा उगम फुकट मिळतो, तो म्हणजे खिडकी. उत्तरेची असल्यास उत्तम, कारण तिच्यातून ऊन थेट आत येत नाही; चित्रकार आपल्या कार्यशाळेसाठी अशीच खिडकी पसंत करीत आले आहेत. आपल्या भागात उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या आरंभी सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणे तिथूनही येतात, तेवढ्यापुरता पातळ पांढरा पडदा ओढावा. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या कोलकात्यात जन्मलेल्या इंग्रज बाईंना 1863 साली, वयाच्या 48व्या वर्षी, लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्यात बैठक मांडली आणि निव्वळ दिवसाच्या उजेडावर जगप्रसिद्ध व्यक्तिचित्रे काढली. तेव्हा ‘आता या वयात काय शिकायचे’ ही सबब कोणी सांगू नये.

दुसरा प्रयत्न सकाळी दहाच्या सुमारास झाला. माजघरालगतच्या खोलीतील सर्व दिवे नातीने बंद केले. आजी म्हणाल्या, ‘‘अगं, अंधारात कसला फोटो काढतेस?’’ उत्तरेच्या खिडकीपासून तीन-साडेतीन फुटांवर खुर्ची मांडली, ती खिडकीला पाठ करून नव्हे, थोडी तिरकी, म्हणजे उजेड समोरून आणि एका बाजूने यावा. खोलीची भिंत फिकट हिरवी. अशा भिंतीवरून परतलेला उजेड तिचा रंग गालावर आणतो. म्हणून आजींना भिंतीपासून दूर बसविले आणि सावलीच्या बाजूला दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर एक पांढरेशुभ्र धोतर पसरले. खिडकीचा उजेड धोतरावरून परतून सावलीतल्या गालावर आला. आजींनी धोतर ओळखले. त्या काही बोलल्या नाहीत, पण खुर्चीत बसण्याची त्यांची ढब बदलली.

नात पाच फुटांवर उभी राहिली. फार जवळून काढल्यास नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. त्यापेक्षा मागे सरून दुप्पट मोठे करणारी लेन्स वापरावी. चेहरा गोरा-गुळगुळीत करणारी सोय तिने बंद केली. असल्या फोटोतला माणूस कोणाचाच नातेवाईक वाटत नाही. पहिल्या फोटोत आजींच्या हाती कोरा पांढरा कागद दिला. वहीचा कागद चालत नाही, तो मुळातच पिवळसर. पुढे फोनमधील रंगाची पट्टी सरकवून तो कागद पांढरा दिसू लागला, की तेच प्रमाण बाकीच्या फोटोंना लावायचे. मग चेहऱ्यावर बोट दाबून धरून तिथला प्रकाश कायम केला आणि तो किंचित कमी केला, कारण पांढऱ्या केसांतील तपशील एकदा जळाला की परत मिळत नाही. चष्म्यात खिडकी दिसू लागली तेव्हा हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगितले.

एवढे झाल्यावर तिने आजोबांच्या दुकानाची गोष्ट काढली. आजी सांगू लागल्या, आणि फोटो त्या बोलण्यात निघाले.

मूळ फाइल व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी न धाडता डॉक्युमेंट म्हणून धाडली, म्हणजे तिचा आकार घटला नाही. दोन दिवसांनी आठ बाय दहाची प्रत आली. आजींनी ती हातात घेतली, चष्मा पुसला, आणि दिवाणखान्यातील ट्यूब सुरू असतानाही उठून दारापाशी गेल्या. बराच वेळ त्यांनी आपल्या इरकलचे डाळिंबी काठ निरखले.

‘‘काठ बरोबर आलेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणखी एक प्रत काढ. इचलकरंजीला तुझ्या आत्याकडे पाठवू.’’