कातीव

मराठी समीक्षेतील काही विशेषणे कारागिराच्या घरून आली आहेत, याचे भान आपल्याला क्वचितच असते. शैली ‘कातीव’ असते, वाक्य ‘घोटीव’ असते, उपरोध ‘धारदार’ असतो. कातणे म्हणजे केवळ सूत काढणे नव्हे. फिरत्या लाकडाला हत्यार लावून आकार देणे हेही कातणेच, आणि ते करणारा तो कातारी. सावंतवाडीची लाखेची रंगीत खेळणी याच कातकामातून घडतात. हे सारे आम्हा दोघांना कोशातून ठाऊक होते. हाताला ते कळले ते मात्र सरांमुळे.

एम. ए. ला आम्हाला शिकवणाऱ्या सरांची बोटे सांधेदुखीने आखडली आहेत. बाजारातले पेन त्यांच्या पकडीत राहत नाही. ग्रंथाचे शेवटचे प्रकरण बाकी आहे आणि दुसऱ्याला मजकूर सांगून लिहवून घेणे त्यांना मानवत नाही. वाक्य आपल्याला हातातून सुचते, असे ते म्हणतात. निब तयार विकत मिळते. तिच्यामागचे जाड आणि हलके अंग घडवायचे, म्हणून आम्ही दोघांत मिळून एक लहानसा लेथ घेतला आणि अ‍ॅक्रिलिकचे दांडे आणले.

लाकडाला तंतू असतात; ते हत्याराला वाट दाखवतात, कधी अडवतात. अ‍ॅक्रिलिकला तंतू नाहीत. ते ठिसूळ आहे, आणि शंभर अंशांच्या आसपास तापले की मऊ पडू लागते. म्हणजे बोथट हत्याराने जोर लावावा, तर एक तर टवका उडतो, नाही तर पृष्ठभाग चिकट होऊन माखतो. धार नीट असेल, तर मात्र लांबलचक फीत निघते आणि फिरत्या दांड्याभोवती गुंडाळत जाते. मधूनमधून लेथ थांबवून ती सोडवावी लागते.

हत्यारे तशी थोडीच पुरतात. चौकोनी दांडा गोल करायला पन्हळीसारख्या खोलगट तोंडाची पटाशी. किंवा कार्बाइडचे छोटे पाते, ज्याला धार लावायची नसते, एक कड झिजली की फिरवून दुसरी पुढे घ्यायची. तिरक्या तोंडाची पटाशी सर्वांत गुळगुळीत कापते, पण हात जरा चुकला की रुतते. शेवटचा हात फिरवायला आम्ही निवडले ते वरून आणि खालून असा दुहेरी उतार दिलेले, खरवडणारे हत्यार. त्याचे काम होते ते धारेवर उभ्या राहिलेल्या, बोटालाच जाणवणाऱ्या सूक्ष्म कडेने. ही कड फार टिकत नाही. थोडे काम झाले की पुन्हा ग्राइंडर गाठायचा.

धार लावण्याची रीत साधी आहे. उताराला मार्करची शाई फासायची आणि हत्यार चाकाला हलकेच टेकवायचे. शाई जिथे पुसली गेली, तिथे चाक लागले. पूर्ण उतारावरची शाई गेली आणि ठिणग्या धारेवरून वर येऊ लागल्या, की थांबायचे. साधे पोलाद तापून निळे पडले तर त्याचे पाणी उतरते. हायस्पीड स्टील तेवढ्याने बिघडत नाही. मग हत्यार दिव्याखाली धरून पाहायचे. कडेवर पांढरी रेघ चमकली, तर तिथे ते बोथट आहे, कारण प्रकाश परतवायला तिथे सपाटी उरलेली असते. खरी धार दिसतच नाही.

हे कळल्यापासून ‘धारदार’ हे विशेषण आम्ही जपून वापरतो. ज्या परीक्षणातील वाक्ये आधी डोळ्यांत भरतात, ती कृतीला कापत आहेत की तिचे टवके उडवीत आहेत, हे पाहावेसे वाटते. उडालेला टवका पॉलिश पेपरने झाकता येत नाही. पाणी लावून कितीही घासले, तरी खड्डा राहतोच, उलट अधिक चकाकतो.

पहिले पेन घेऊन गेलो. सरांनी ते तळहातावर तोलले, चार ओळी लिहिल्या, आणि वहीवरून मान वर न करता म्हणाले, “बोटं टेकतात तिथं अजून जाड करा. टोपण नसलं तरी चालेल, मला ते उघडत नाही.” कौतुकाचा शब्द नव्हता. पण त्या चार ओळी शेवटच्या प्रकरणाच्याच होत्या. दुसरा दांडा लेथवर चढवला आहे. त्याआधी हत्यारांना धार लावायची आहे.