बॅबिलॉनच्या नद्या आणि तीन गळे

गोव्यात ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांना बोनी एम कोण हे वेगळं सांगायला नको. लग्नातला बँड असो की शेजारची कॅसेट, 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' कानावर पडायचंच. पण हे गाणं मुळात जमैकाचं, किंग्स्टनच्या मेलोडियन्स या त्रिकुटाचं. ब्रेंट डाउ, टोनी ब्रेव्हेट आणि ट्रेव्हर मॅकनॉटन.

तिघांचा बहर रॉकस्टेडीच्या काळातला, म्हणजे १९६६ ते ६८. जेमतेम दोन वर्षं! त्याआधीच्या स्काची धावती लय संथ झाली, बास पुढे आला आणि गळ्यांना ऐसपैस जागा मिळाली. ड्यूक रीडच्या 'ट्रेझर आयल'साठी गायलेलं त्यांचं 'यू हॅव कॉट मी' ऐका. तीन आवाज एकमेकांत असे मिसळतात की सांधा सापडत नाही.

'रिव्हर्स' आलं १९७० मध्ये, लेस्ली काँग या निर्मात्याकडे. शब्द बायबलमधल्या १३७व्या स्तोत्राचे, निर्वासितांच्या आकांताचे. पण देवाच्या जागी रास्ताफारी पंथाचा 'किंग अल्फा', म्हणजे इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी. झालं, सरकारला त्यात बंडाचा वास आला आणि रेडिओवर बंदी! हेच शब्द चर्चमध्ये चालतात, मग आमच्या तोंडी का नाही, असा डाउचा सवाल होता. बंदी उठली आणि गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७२च्या 'द हार्डर दे कम' चित्रपटाने ते जमैकाबाहेर नेलं.

१९७८ मध्ये बोनी एमने ते उचललं. रास्ता शब्द काढून पुन्हा चर्चचे घातले. इंग्लंडात पाच आठवडे पहिला क्रमांक! त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर श्रेय होतं फक्त डाउ आणि मॅकनॉटन यांना. पुढे निर्माता फारियन आणि रेयाम ही नावं जोडली गेली. ब्रेव्हेटचं नाव तर मूळ श्रेयातही नाही. कारकुनाची नजर, सही कुणाची हेच आधी बघते. आपल्या अभंगकारांनी नाममुद्रा चरणातच गुंफली, लेबलावर सोडली नाही. शहाणी माणसं!

असो. डाउ २००६च्या जानेवारीत तालमीनंतर हृदयविकाराने गेले, ब्रेव्हेट २०१३ मध्ये, मॅकनॉटन २०१८ मध्ये. बोनी एम पाठ असलेल्यांनी १९७०चं ध्वनिमुद्रण एकदा शांतपणे ऐकावं. नाचायला त्याचा फारसा उपयोग नाही.