सोनं संपलं, लोकल उरली

‘केजीएफ’ म्हटलं की डोळ्यांसमोर रॉकीभाई येतो ना? साहजिकच आहे. २०१८च्या त्या सिनेमाने कोलार गोल्ड फील्ड्स कट्ट्याकट्ट्यावर पोचवलं. पण खरं गाव बघायचं तर रॉकीला घरी ठेवा. पुण्याहून रात्रीच्या गाडीने बंगळुरू गाठा आणि तिथून बंगारपेटमार्गे मारिकुप्पमची लोकल पकडा. वाटेत कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन अशी स्टेशनं लागतात. सगळी नावं खाणींची!

कोलार हा मुलूख एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होता, त्यामुळे आपण अगदीच परके नाही. खाणींचा खरा धंदा मात्र जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८० मध्ये मांडला. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून, म्हणजे जवळपास दीडशे किलोमीटरवरून इथे वीज आली. बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले १९०५ मध्ये. थोडक्यात, तेव्हाचं हायटेक शहर हे होतं, बंगळुरू नव्हे.

साहेबांचे बंगले आणि क्लब बघून ‘वॉव’ म्हणालच. पण तिथून खाणकामगारांच्या वस्तीत जरूर जा. एकाला एक चिकटलेली खुराडी आणि दारात रंगीत प्लास्टिकच्या घागरी. इथले बहुतेक कामगार तमिळ दलित. तीन किलोमीटरहून खोल, भट्टीसारख्या तापलेल्या खडकात त्यांनी सव्वाशे वर्षांत आठशे टनांवर सोनं काढलं. स्वतःच्या वाट्याला आली ती सिलिकोसिसने पोखरलेली छाती. चहाच्या टपरीवर भेटलेले एक अण्णा तोडक्यामोडक्या हिंदीत खाणीबद्दल तासभर बोलले. तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त होता.

२८ फेब्रुवारी २००१ला भारत गोल्ड माइन्सने टाळं लावलं. सोन्यापेक्षा ते काढण्याचा खर्च जास्त झाला होता. पंप थांबले, खाणी पाण्याने भरल्या.

मी शिक्रापूरची. सणसवाडी, रांजणगावच्या कंपन्या आल्या आणि आमचं गाव एका पिढीत शेतातून शिफ्टमध्ये गेलं. नगर रोडवर सकाळी कंपनीच्या बसेसची रांग लागते. त्यामुळे एकाच कंपनीवर जगलेलं गाव नंतर काय करतं, हा प्रश्न मला सोन्यापेक्षा मोठा वाटला.

उत्तर पहाटेच्या लोकलमध्ये मिळालं. हजारो लोक रोज बंगळुरूला जातात. कुणी ऑफिसात, कुणी मॉलमध्ये, कुणी सिक्युरिटीला. दोन तास जायला, दोन यायला. डब्यात डबे उघडतात, पत्ते पिसले जातात, एखादी मुलगी उभ्याउभ्या झोपते. तिचा आजोबा कदाचित याच वेळी पाळण्यातून खाली उतरत असेल.

जाणार असाल तर थंडीत जा. सायनाइडच्या त्या पांढुरक्या टेकड्या फोटोत झकास दिसतात, पण धूळ वाईट आहे. चढू नका, लांबूनच क्लिक करा. आणि रविवारी नको, कामाच्या दिवशी जा. पहाटेची लोकल चुकवू नका.